काळजी, पाच ते सव्वापाच

खांब गावच्या धोंडूबाबांनी माझ्या काउंटरवर चिठ्ठी ठेवली आणि म्हणाले, "दे रं. आन कवा घ्यायची ती नीट सांग. मागल्या टायमाला जेवनाआधीची जेवनानंतर घेतली."

मी चिठ्ठी उचलली. वर टिपणीस डॉक्टरांचं छापील नाव आणि खाली त्यांच्या त्या झिंगे सांडल्यासारख्या अक्षरात एकच ओळ : 'काळजी, रोज संध्याकाळी पाच ते सव्वापाच. इतर वेळी बंद.'

चिठ्ठी उलटी करून पाहिली. मागं काही नव्हतं.

"बाबा, हे औषध नाही."

"मंग काय हाय?"

"तुम्ही दिवसभर काळजी करता ना, ती फक्त पाच ते सव्वापाच करायची. बाकी वेळ करायची नाही."

"ते समाजलं," धोंडूबाबा म्हणाले, "पन ती गोळी हाय का पातळ औषध?"

गोळी नाही, पातळ नाही, मलमही नाही, हे मी त्यांना घसा कोरडा होईस्तोवर सांगितलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुझ्याकडं नसंल तर दुसऱ्या कंपनीची दे."

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? मी वसंत. रोह्याच्या बाजारपेठेत टिपणीस डॉक्टरांच्या दवाखान्याला भिंतीला भिंत लावून माझं मेडिकल आहे. दवाखान्याशेजारी मेडिकल म्हणजे सोन्याची खाण, असं माझे सासरे म्हणाले होते. त्यांनी खाण पाहिली होती, डॉक्टर पाहिला नव्हता.

तसे डॉक्टर आधी चारचौघांसारखे होते. गोरे, उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम आवळासुपारीची डबी. लग्न केलं नव्हतं. का, म्हणून विचारलं तर म्हणायचे, "राहून गेलं." खोकल्याला खोकल्याचं औषध द्यायचे, तापाला तापाचं, आणि आम्ही दोघं सुखात होतो. पण मग मुंबईला फॅमिली डॉक्टरांचं कसलंसं शिबिर झालं आणि हे त्याला जाऊन आले. तिथून आले ते वेगळेच होऊन आले.

"वसंता," पायरीवर उभे राहूनच म्हणाले, "माणसाला जे होतं ना, ते घडलेल्या गोष्टीनं होत नाही. त्या गोष्टीबद्दल मनात जो विचार येतो, त्यानं होतं. विचार तपासला की अर्ध्या लोकांची पोटदुखी थांबेल."

"पोटदुखी थांबली की माझं दुकान थांबेल."

"पुरावा?" डॉक्टर म्हणाले.

हा शब्द त्या दिवशी मी पहिल्यांदा ऐकला. पुढं तो इतका ऐकला, की झोपेत कुशीवर वळलो तरी कुणीतरी 'पुरावा?' विचारतंय असं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी दवाखान्याच्या भिंतीवर ऑइलपेंटनं एक भलाथोरला त्रिकोण काढला. एका कोपऱ्यात विचार, दुसऱ्यात भावना, तिसऱ्यात वागणं. एक सुधारला की बाकीचे दोन सुधारतात, असं काहीतरी ते शास्त्र होतं. शास्त्राबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण रंग? रंग घेतला लाल! लाल त्रिकोण म्हणजे काय, हे या देशात शेंबड्या पोराला ठाऊक आहे. सरकारनं तो कुटुंबनियोजनासाठी प्रत्येक एस.टी.वर आणि प्रत्येक भिंतीवर रंगवून ठेवलाय. खाडीकडची यमुनाबाई दंड दुखतो म्हणून आत गेली, भिंत पाहिली, पदर सावरला आणि "अगो बाय, या वयात नको गो माय!" करत थेट बाहेर पडली.

दुपारपर्यंत गावभर झालं. डॉक्टर आता ऑपरेशनं करायला लागले. बायका फिरकेनात. साठीच्या पुढचे पुरुष रस्त्यावर दोन्हीकडे बघून पटकन आत शिरायचे आणि आत गेल्यावर पहिल्यांदा स्वतःचं वय सांगायचे. शेवटी मीच घरून उरलेला हिरवा रंग नेऊन दिला. त्रिकोण हिरवा झाल्यावर लोक परत आले, पण कित्येक दिवस भिंतीकडे पाठ करूनच बसत.

आता प्रश्न असा, की हे विचारबिचार तपासायचे कधी? बाहेर बाकावर वीस माणसं. त्यात धाटावच्या कंपन्यांमधली दहा, त्यांना शिफ्टची बस गाठायची घाई. आणि आमच्याकडचा पेशंट बोलायला येत नाही, तो सुईला येतो. ज्यानं सुई दिली नाही तो डॉक्टरच नाही. "बाकी काय ते तुमी बोला, पन सुई मारा," हे पेशंटचं पहिलं वाक्य.

डॉक्टरांनी यातूनच वाट काढली. तेव्हा काचेच्या सिरिंज असत. त्या स्टीलच्या डबीत पाणी घालून वातीच्या स्टोव्हवर उकळायच्या, मग निवू द्यायच्या. एवढा वेळ पेशंट बाही वर करून, दंड उघडा टाकून स्टुलावर बसलेला. उठून जाता येत नाही, कारण सुई अजून व्हायचीय. डॉक्टरांनी ठरवलं, की हीच आपली वेळ. पेशंट आला की आधी डबी स्टोव्हवर. मग स्टूल पुढं ओढून विचारायचं, "हं. दुखायला लागलं तेव्हा मनात काय आलं होतं?"

"दंड उघडा टाकून बसलेला माणूस खोटं बोलत नाही, वसंता," असं मला समजावायचे.

पाणी उकळायला लागेपर्यंत विचार बाहेर. वाफ आली की पुरावा. सिरिंज निवते तोवर अभ्यास, म्हणजे घरी जाऊन काय करायचं ते, आणि तो अभ्यास चिठ्ठीवर लिहून माझ्या डोक्यावर. कधीकधी सुई भरेपर्यंत पेशंटच उठायचा. म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या डॉक्टर, आता नको सुई." तो दिवस डॉक्टरांची दिवाळी. नाचत पायरीवर येऊन ओरडायचे, "वसंता, आज तिघं सुई न घेता गेले!"

मी कपाळाला हात लावायचो. एकदा एका कंपनीचा माणूस नव्या, एकदा वापरून फेकायच्या सिरिंजा घेऊन आला. "फोडा, मारा, फेका, डॉक्टरसाहेब. उकळायची भानगडच नको." डॉक्टरांनी ती सिरिंज उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "मग बोलायचं कधी?" तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. मी वर आढ्याकडे पाहिलं.

शिबिरात त्यांना शिकवलं होतं, की पेशंटला विचारायचं, त्रास दहापैकी किती? आमच्याकडे ते चालेना. यमुनाबाई म्हणाली, "दहा काय दहा? धाच माणसं हाव आमी घरात, त्रास समद्यांचाच." तेव्हा डॉक्टरांनी आणे काढले. सोळा आणे म्हणजे जीव जातोय, एक आणा म्हणजे डास चावला. हे मात्र लोकांना असं पटलं, की सगळ्या रोह्यात सुरू झालं. मासळीबाजारात "ताजी हाय का गो?" विचारलं तर उत्तर यायचं, "चवदा आने." माझी बायको सकाळीच सांगून टाकायची, "आज तुमच्यावर बारा आणे राग आहे, दुसरा चहा मागू नका."

त्या यमुनाबाईची गंमत सांगतो. दंड दुखतो, झोप नाही. का, तर शेजारीण करणी करते.

"पुरावा?" डॉक्टर म्हणाले.

"तिनं माज्या कोंबडीकडं पाह्यलं. म्हनली, बरी हाय गो कोंबडी. दुसऱ्या दिवशी कोंबडी अंडी द्यायची थांबली."

पाणी अजून उकळलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनी कोंबडीचं वय विचारलं, दुसरी कोंबडी आहे का विचारलं आणि अभ्यास दिला : 'शेजारणीस बोलावून दुसऱ्या कोंबडीचे रोज कौतुक करवून घेणे. आठ दिवस.' आता दुसरी कोंबडी तरणी होती, तिनं आपली अंडी द्यायला सुरुवात केली. यमुनाबाईचा दंड दुखायचा थांबला. पण तिला ते इतकं लागू पडलं, की आठ दिवस झाले तरी ती थांबेना. भल्या पहाटे शेजारणीला हाताला धरून खुराड्यापाशी न्यायची, "बोल गो, बोल काहीतरी चांगला." शेवटी शेजारीण झोपमोड होते म्हणून डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी डबी स्टोव्हवर ठेवली.

आणि धोंडूबाबा? त्यांनी काय केलं असेल? दुसऱ्या दिवशी पाचाच्या ठोक्याला येऊन माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर बसले. ते मूळचे खांबचे, पण लेकीकडे रोह्याला राहायला आलेले. मागं कुलूप लावलेलं घर, एक आंबा आणि भाऊबंदांच्या ताब्यात दिलेला बैल, या तिघांची त्यांना दिवसरात्र काळजी. "घरात नातवंडं दंगा करतात. काळजी नीट होत नाय," म्हणाले, "हितं करतो."

मग रोज पाच ते सव्वापाच म्हातारा माझ्या दारात कपाळाला आठ्या घालून बसायचा. सव्वापाच झाले की धोतर झटकायचा, "झाली. उरली ती उद्या," म्हणायचा आणि खुशाल शीळ घालत जायचा. हळूहळू यमुनाबाईही मासे विकून झाले की टोपली उलटी घालून शेजारी बसायला लागली. एके दिवशी दोघंही गप्पच. मी विचारलं, काय झालं? तर धोंडूबाबा कसनुसे होऊन म्हणाले, "आज काय आठवतच नाय रं. तुजी हाय का एखादी?"

मी म्हटलं, आहे ना, माझी तर शेजारी दवाखान्यातच बसते.

पण सगळ्या गावाच्या विचारांचा गुंता सोडवणाऱ्या या माणसाची स्वतःची एक गोष्ट मात्र अडून बसली होती. ती म्हणजे माई.

माई डॉक्टरांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनंच यांना वाढवलं. पेणला दिली होती. नवरा गेला, मूलबाळ नाही, आणि माई दीर-जावेच्या घरात राहिली. जावेचा घरगुती पोह्याच्या पापडांचा धंदा. पीठ माईनं कुटायचं, तिंबायचं, लाट्या माईनं करायच्या, पापड चार बायकांबरोबर माईनं लाटायचे, आणि गिऱ्हाइकांसमोर "आमचे पापड" जावेनं म्हणायचं. वर स्वयंपाक, वर पुतण्यांची पोरं. त्या घरात दिवसभर एकच हाक : "माई, जरा…" पुढचं वाक्य ऐकायच्या आत माई उठलेली असायची. नाही हा शब्द तिला कुणी शिकवलाच नव्हता.

डॉक्टरांचा जीव तिच्यासाठी तुटायचा. माईनं आपल्याकडे यावं, आयतं खावं, आराम करावा, एवढी एकच इच्छा या माणसाला होती. घरातली उजेडाची खोली तिच्यासाठी रंगवून घेतली. तिला लहानपणी आवडायचा म्हणून सागवानी झोपाळा करवून टांगला. कड्या बसवायला मी होतो. पक्का बसलाय का पाहावं म्हणून जरा टेकलो, तर डॉक्टरांनी मला दंडाला धरून उठवलं. "माईचा आहे तो." गणपतीत म्हणायचे माई दिवाळीला येणार. दिवाळीत म्हणायचे होळीला. एकदा मी वैतागून म्हटलं, "येणार याला पुरावा?" तर उठून आत गेले. मला माझ्या जिभेचा राग आला.

औषध द्यायचा प्रयत्न त्यांनी केला नव्हता असं नाही. माई एकदा एका दिवसासाठी आली होती, तेव्हा तिला दवाखान्यात स्टुलावर बसवलं आणि डबी स्टोव्हवर ठेवली. माई उठली. "अरे मन्या, पाणी किती कमी घातलंस!" मग तिनं स्टोव्हची वात कापली, डबी चिंचेनं घासली, दवाखाना झाडला, आणि माझ्याही दुकानाची पायरी धुऊन दिली. मनात काय विचार येतो ते विचारायचं राहूनच गेलं. निघताना म्हणाली, "तुला कडेवर घेऊन मी गोविंदा दाखवलाय. तू मला औषध देणार होय रे?"

अशात काशिनाथ म्हात्रेच्या पोटात आग पडायला लागली.

काशिनाथ धाटावला कंपनीत होता. गरीब माणूस. कुणी म्हटलं, "काशा, आज माझी तिसरी शिफ्ट कर ना," की हा करायचा. स्वतःची पहिली, दुसऱ्याची तिसरी. पाणी उकळेपर्यंत डॉक्टरांनी काढून घेतलं, की नाही म्हटलं तर लोक आपल्याला टाकतील असं त्याला वाटतं. पुरावा विचारला. नव्हता. चिठ्ठी लिहिली : 'रोज एकदा, कुणाला तरी नाही म्हणणे. कारण सांगू नये.'

सोप्यापासून सुरुवात. पहिल्या दिवशी भंगारवाल्याला. मग न्हाव्याला. मग साडूला. आठवड्याभरानं त्यानं सुपरवायझरला नाही म्हटलं आणि बाहेर येऊन संडासाच्या मागं दडून उभा राहिला, पण सुपरवायझर नुसता "बरं" म्हणून दुसऱ्याकडे गेला. काशिनाथच्या पोटातली आग गेली. माझी आम्लपित्ताची बाटली कायमची गेली.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे औषध एकट्यानं घ्यायची पद्धत नाही. एकाला गुण आला, की उरलेल्या गोळ्या आळीभर फिरतात. "मला बरं वाटलं, तू पन घे." कुणाला काय झालंय हे बघायचंच नाही. तसंच हेही फिरलं. काशिनाथच्या बायकोनं घेतलं, तिनं काशिनाथलाच नाही म्हटलं. तिच्या भावानं घेतलं, तो वाजंत्री वाजवायचा. त्यानं नवरदेव घोड्यावर बसल्यावर नाही म्हटलं. न्हाव्यानं अर्धी दाढी झालेल्या माणसाला मालिश नाही म्हटलं. शाळेतल्या शिपायानं हेडमास्तरांना नाही म्हटलं आणि हेडमास्तरांनी हे कुठलं औषध आहे म्हणून चौकशी करून स्वतःच सुरू केलं. ज्यांना जन्मात कधी होय म्हणता आलं नव्हतं, असे लोकही ते घ्यायला लागले. बँकेतला कॅशियर तर दोन दोन डोस घ्यायचा.

माझे चार मित्र घरी आले, मी बायकोला म्हटलं बटाटेवडे कर. ती पेपर वाचत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही." मी म्हटलं, का? म्हणाली, "कारण सांगायचं नसतं."

मी तणतणत दवाखान्यात गेलो. "डॉक्टर, आवरा हे! गाव बंद पडायची वेळ आली."

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला, की माझ्या रागाची हवाच गेली. "कोण कोण नाही म्हणालं? सांग ना! न्हावी? खरंच?" मी सगळी नावं सांगितली. ते लहान मुलासारखे ऐकत होते. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "वसंता, हे पेणपर्यंत पोचेल का रे?"

तेव्हा मला कळलं, की हा माणूस कुणाची वाट बघतोय. मी म्हटलं, "साथीला काय डॉक्टर, एस.टी. पुरते."

आणि खरंच पोचलं. काशिनाथची मेव्हणी पेणला माईच्याच घरी पापड लाटायला जायची. तिच्याकडूनच निरोप आला. माईनं औषध सुरू केलंय. बुधवारी मांजराला नाही म्हणाली.

त्या रविवारी डॉक्टरांनी मला बरोबर घेतलं. बरोबर एक रिकामी ट्रंक. "माईचं सामान आणायला," म्हणाले. गाडीत बसल्यापासून बोलत होते. माईला सकाळी काय आवडतं, खोलीत ऊन कुठून येतं, झोपाळ्याला तेल पाजलंय. इतके बोलत होते, की पेण कधी आलं आणि कधी गेलं कळलंच नाही. आम्ही पुढच्या स्टेशनवर, जित्याला उतरलो. भर उन्हात जित्याच्या फलाटावर दोन सुशिक्षित माणसं आणि मध्ये एक रिकामी ट्रंक. एकानं विचारलं, "काय हाय तिच्यात?" डॉक्टर म्हणाले, "अजून काही नाही." टेम्पोतून, कलिंगडांवर बसून, आम्ही मागं पेणला आलो.

पोचलो तेव्हा पानं मांडली होती. माईचे दीर, पुतणे, सगळे बसलेले. आम्हीही बसलो. जाऊबाईंनी आतून नेहमीची हाक दिली, "माई, जरा पाहुण्यांना वाढता का?"

माई दारात उभी होती. हाताला पिठाचा पांढरा थर. तिनं आधी डॉक्टरांकडे पाहिलं, मग पदराला हात पुसले.

"नाही," ती म्हणाली. "मी आज पाहुण्यांबरोबर बसणारे."

आणि बसली. दिरांचा घास हातातच राहिला. जाऊबाई पळीसकट बाहेर आल्या, माईकडे बघितलं, पळीकडे बघितलं आणि मुकाट्यानं आमटी वाढायला लागल्या. आभाळ काही कोसळलं नाही. डॉक्टरांनी पानाआडून माझा गुडघा असा दाबला, की पुढं दोन दिवस मी लंगडत होतो.

जेवणं झाली. डॉक्टर ओटीवर ट्रंकेपाशी उभे राहिले. आवाज कापत होता. "माई, चल आता. खोली तयार आहे. झोपाळा टांगलाय."

माईनं त्यांच्या शर्टाची कॉलर सारखी केली.

"नाही, मन्या."

मी ट्रंकेच्या कडीकडे बघत राहिलो. दुसरीकडे कुठं बघावं हे मला समजेना.

"मी देवळामागं खोली घेतल्ये," माई म्हणाली. "काशिनाथची मेव्हणी आणि मी. पापड आमचे आम्ही करणार. दाराला आतून कडी आहे, मन्या. काल दुपारी कडी लावून झोपले. कुणी उठवलं नाही."

"माझ्याकडेही कुणी उठवणार नाही गं."

"तू नाही उठवणार. मीच उठेन. तुझा शर्ट चुरगळलेला दिसेल, तुझा चहा पाणचट दिसेल, मी उठेन. मला माहीत्ये ना मी कशी आहे ते."

डॉक्टरांनी मान हलवली. मग सवयीनं विचारलं, "बरं वाटतंय? किती आणे?"

"सोळा," माई म्हणाली.

"चिठ्ठीत होतं, कारण सांगू नये. तू सांगितलंस."

"तुला सांगितलं. बाकीच्यांना नाही."

तिनं ट्रंक भरून दिली, पापडांनी. येताना ती जड होती आणि डॉक्टर गप्प. नागोठणं गेल्यावर खिडकीबाहेर बघत एवढंच म्हणाले, "औषध चांगलं आहे, वसंता. पूर्ण गुण आला." एरवी मी काहीतरी खवचट बोललो असतो. त्या दिवशी मी आवळासुपारी मागितली आणि चघळत बसलो.

सोमवारी पाच वाजता धोंडूबाबा, यमुनाबाई आणि पहिली शिफ्ट संपवून आलेला काशिनाथ, असे तिघं बाकड्यावर बसले होते. दवाखान्याचं दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले. पायरीवर जरा घुटमळले आणि बाकड्यापाशी येऊन म्हणाले, "जागा आहे का? आज मला करायचीय."

तिघंही सरकले. धोंडूबाबांनी पंच्यानं बाकडं पुसलं. डॉक्टरांना काय विचारायचं असतं हे कुणालाच माहीत नव्हतं. मग धोंडूबाबा खाकरले.

"मनात काय येतंय, डॉक्टर?"

"हेच की, आता मी एकटाच राहणार."

"पुरावा?" धोंडूबाबांनी विचारलं. थट्टा नव्हती हो. अगदी डॉक्टर विचारतात तसं, पुढं वाकून.

"झोपाळा आहे," डॉक्टर म्हणाले. "रिकामा. त्यावर बसायला कुणी नाही." आणि त्या एवढ्या मोठ्या माणसाचे डोळे भर बाजारात भरून आले. यमुनाबाईनं पदर डोळ्याला लावला. मी दुकानातून बाहेर आलो, गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून.

धोंडूबाबांनी नीट विचार केला. बाकड्यावरच्या माणसांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"मानसं किती पेलतो त्यो?"

"कोण?"

"झोपाळा."

डॉक्टर बघतच राहिले. कड्या मी बसवल्या होत्या, म्हणून मीच सांगितलं, "चार बसतील. यमुनाबाई सांभाळून बसली तर पाच."

"मंग हे बाकडं कशाला?" धोंडूबाबा उठले. "खाली ढेकनं हायेत. उद्यापास्नं काळजी थितं करू. उद्या कशाला, आजच चला."

आणि आम्ही डॉक्टरांच्या घरी गेलो. मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि गेलो. डॉक्टरांनी खोलीचं दार उघडलं. धोंडूबाबांनी चपला बाहेर काढल्या, जपून झोपाळ्यावर टेकले आणि मला म्हणाले, "बस रं." मी डॉक्टरांकडे पाहिलं. या खेपेला त्यांनी मला उठवलं नाही. आतून स्टोव्हचा आवाज आला, मग माईच्या पापडांचा वास. डॉक्टर चहा घेऊन आले, तो पाणचट होता. यमुनाबाईनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि उठायला लागली, "सरा, मी करते."

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मी करतो. तू बस."

सव्वापाच कधीच होऊन गेले होते. धोंडूबाबांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि पायानं झोपाळ्याला हलकेच झोका दिला.